वैमानिकाविरुद्ध मामाजींची तक्रार

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, मुंबईला जायचं होतं. खामगावहून जलंबला जावं, तिथं मुंबईची गाडी पकडावी, असं सगळं जग करत होतं. पण मामाजींची कापसाची जिनिंग होती, शेती होती, आणि खामगावात विमानात बसलेला माणूस अजून कोणी नव्हता. म्हणून आम्ही आधी मुंबईच्या उलट दिशेला, नागपूरला गेलो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि राजधानी नागपूर होती, त्यामुळे मोठेपणाची हौस फेडायची तर नागपुरातच. तिथून विमानात बसून आपल्याच घरावरून मुंबईला उडत जायचं, असा हा शहाणपणाचा बेत. बरोबर घरचे भटजी होते आणि मी होते, कारण घरात इंग्रजी येणारी मी एकटीच. एरवी माझ्या मॅट्रिकला त्या घरात लोणच्याच्या रिकाम्या बरणीइतकीही किंमत नव्हती.

अकोला मागे पडलं असेल-नसेल, एवढ्यात विमानाला हिसका बसला आणि माझ्या खिडकीबाहेरचा पंखा हळूहळू थांबला. आम्ही पहिल्या रांगेत होतो आणि पुढचं दार उघडंच होतं. वैमानिकानं मान थोडी वळवली आणि इंग्रजीत सांगितलं, "एक इंजिन मी बंद केलं आहे. दुसरं चांगलं चाललंय. आपण नागपूरला परत जातोय, पट्टे बांधून बसा." शेजारीण विरजण मागायला येते ना, तसा आवाज. मी ते मामाजींना मराठीत सांगितलं.

"बंद केलं? काऊन बंद केलं?" मामाजी ओरडले. "मले न इचारता?"

अशा वेळी माणसाचं पाणी कळतं म्हणतात. आमच्याकडच्या पाण्याचा तळ लगेच दिसला. भटजींचं रोजच्या पाठातलं स्तोत्र दुसऱ्या ओळीवरच अडकलं आणि ते मामाजींच्या धोतराचा सोगा धरून बसले. मामाजींनी मेहकरच्या बालाजीला हाका मारमारून गावजेवण बोललं, तेही साजूक तुपातलं. नागपूरपर्यंत हा तमाशा चालला. वैमानिक मात्र समोर बघत होता, शेजारच्या सोबत्याशी हळू आवाजात बोलत होता, आणि विमान सरळ चाललं होतं. मी स्तोत्र म्हटलं नाही. मी त्या माणसाच्या मानेकडे बघत बसले. ती मान जोवर वळत नाही तोवर आपण जिवंत आहोत, असं मला वाटत होतं.

विमान सुखरूप उतरलं. जमिनीला पाय लागताच गावजेवण तुपातून तेलात आलं.

काशीयात्रेहून परतल्यावर मावंदं घालतात, तसं मामाजींनी मुंबईचा बेत सोडून, खामगावला येऊन विमानातून परतल्याचं मावंदं घातलं. पंगतीत भटजींना धोतरजोडी मिळाली, त्यांच्या स्तोत्रानं विमान तरलं म्हणून. बालाजीचा जयजयकार झाला. मामाजींच्या पुण्याईचा तर इतका झाला की बुंदी कमी पडली. वैमानिकाचं नावही कोणी घेतलं नाही. मी वाढता वाढता दातओठ खात होते. शेवटी एका पाहुण्यानं विचारलंच, "अन् तो चालवणारा?"

"तो?" मामाजी म्हणाले. "अरे, बंडी उलटाले लागली तं गाडीवान बी बोंब ठोकते. हा तं ढिम्म! आपल्या जिवाची त्याले फिकीरच नव्हती. झोपेत चालवत व्हता का काय त!"

पंगतीनं माना डोलावल्या. तेल चांगलं पचलं होतं. पंगतीतल्या एका वकिलानं हात धुऊन लगेच विमान कंपनीला तक्रार लिहिली, की वैमानिक बेफिकीर होता.

थोड्या दिवसांनी कंपनीचा एक साहेब चौकशीला खामगावला आला. मद्रासकडचा होता, त्याला इंग्रजीशिवाय आमच्या कामाची भाषा येत नव्हती. म्हणून मला बैठकीत बोलावलं गेलं. सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही असा घरचा रिवाज होता, तो तेवढ्यापुरता खुंटीला टांगला. मी पदर घेऊन दाराशी उभी राहिले. साहेबानं सांगितलं, की तक्रारीमुळे त्या वैमानिकाला विमानापासून दूर ठेवलं आहे आणि तक्रार कायम राहिली तर त्याची नोकरी जाईल. मामाजी सुपारी कातरत होते.

साहेबानं एकच प्रश्न विचारला. "त्यानं काय करायला हवं होतं, असं यांचं म्हणणं आहे?"

मी विचारलं. मामाजींनी अडकित्ता थांबवून विचार केला. मग म्हणाले, "निदान त्यानं घाबराले तं पायजे होतं!"

मी ते शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. त्यात माझ्या पदरचं काहीच घालावं लागलं नाही. साहेबानं ते लिहून घेतलं आणि विचारलं, "आणि बाई, तुम्ही काय पाहिलंत?"

त्या घरात मला असं कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, की विमानातून मी सगळ्यांत शेवटी उतरले. वैमानिक विमानाच्या पंखाखाली उभा होता. सदरा पाठीला चिकटला होता. पाण्याचा पेला त्यानं दोन्ही हातांनी धरला होता, तरी पाणी सांडत होतं. मी त्याला वाकून नमस्कार केला, तर तो ओशाळला आणि उशीर झाल्याबद्दल माझीच माफी मागू लागला. हे सांगताना मला रडू फुटलं. सासऱ्यासमोर सून रडली, हेही त्या घरात पहिल्यांदाच झालं असावं.

"एवढं काय सांगून राह्यली होती वं त्याले?" मामाजींनी विचारलं.

"म्हटलं, तो खूप घाबरला होता."

"असं?" मामाजी खुशीत लोडाला टेकले. "मंग झालं तं! सांग साहेबाले, आपली तक्रार नाही."

जीव वाचवल्याबद्दल ज्याचे त्यांनी कधी आभार मानले नाहीत, त्याला घाबरल्याबद्दल मात्र त्यांनी मोठ्या मनानं माफ केलं.