चाक सासूबाईंकडे, रिंग माझ्याकडे

लग्न होऊन मी केमहून सोलापूरला आले तेव्हा माझ्या ट्रंकेत साड्यांच्या तळाशी भरतकामाची एक लाकडी रिंग होती. गावातल्या शिवणवर्गात मी मशीनवरचं भरतकाम शिकले होते. कापड रिंगेत ताणून बसवायचं, सुईखाली ती रिंग फिरवत राहायची, आणि बघता बघता पान उमटायचं, पाकळी उमटायची. तेवढं सुख मला तोवर दुसऱ्या कशात मिळालं नव्हतं. सासरी मात्र मशीन नव्हतं. महिने जाऊ लागले तशी मला एकच धास्ती बसली, की हात हे सगळं विसरून जातील.

सासरची माणसं वाईट नव्हती. हे गिरणीत कामाला, मामंजी त्याच गिरणीतून निवृत्त झालेले. सासूबाई अक्कलकोटकडच्या. त्या प्रेमाचं मराठीत बोलायच्या आणि रागाचं कानडीत. पहिल्या वर्षात माझं कानडी बरंच सुधारलं.

मशीनचा विषय यांनीच काढला. परवडेल असं, जुनं का असेना, घ्यावं म्हणाले. मामंजी हो म्हणाले आणि आम्ही चौघं दुकानात गेलो. दोन मशीनं जमण्यासारखी होती. एक पायमशीन, पायानं दाबून चालवायचं. दुसरं हातमशीन, पेटीत बसणारं, उजवीकडच्या चाकाला फिरवायची मूठ. हातमशीन स्वस्त होतं, पण फरक काही फार नव्हता. दुकानदारसुद्धा पायमशीनच घ्या म्हणत होता.

सासूबाईंनी एकच विचारलं, "ह्याच्यापुडं बसायचं कसं?"

"एक स्टूल घ्या की," दुकानदार म्हणाला.

तिथंच निकाल लागला. आमच्याकडे सगळे जमिनीवर बसायचे. मामंजी घोंगड्यावर, सासूबाई त्यांच्यासमोर, आणि सून तेवढी वर स्टुलावर? घरात पाहुण्यांसाठी घडीची एक खुर्ची होती, तिच्यावर घरातलं कुणी बसल्याचं मला आठवत नाही. हातमशीन मांडी घालून चालवता येतं. हातमशीन ठरलं.

आता यातली मेख ऐका. हातमशीनवर शिवता येतं, कारण एक हात चाकाला लावला तरी दुसरा कापड सरकवायला पुरतो. भरतकामाची रिंग मात्र दोन्ही हातांनी धरावी लागते, आणि तिसरा हात देवानं कुणाला दिलेला नाही. हे मला दुकानात पक्कं माहीत होतं. पण मामंजींसमोर तोंड उघडायची माझी टाप नव्हती, आणि हे चाकाला बोट लावून "छान फिरतंय" म्हणत उभे! मला अशी चीड आली की परत येताना टांग्यात मी यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. न जमलं तर महिन्याभरात परत आणा, असं दुकानदार म्हणाला होता.

घरी मी खटपट करून पाहिली. डाव्या हातात रिंग, उजव्यात चाक. पाकळीचं वांगं झालं. मामंजी लांबून बघत होते. "जमत न्हाय वाटतं," ते म्हणाले, "परत करून टाकू."

मी मोरीत जाऊन रडले. सासूबाई मागोमाग आल्या. "काय झालं गं?" म्हणाल्या, आणि मी दुकानात गिळलेलं सगळं एका दमात ओकून टाकलं. त्या आधी कानडीत पुष्कळ बोलल्या. मग बाहेर जाऊन मशीनच्या उजव्या बाजूला फतकल मारून बसल्या आणि त्यांनी मूठ धरली.

"मी फिरवते. तू तुजं चालव."

त्यांनी चाक असं गरगर फिरवलं की दुसऱ्याच मिनिटाला दोरा तुटला. मी दोरा ओवला. मग सुई मोडली. मी दुसरी बसवली. हळू फिरवा, हे सासूला सांगायचं कोणत्या तोंडानं?

"तोंड उगड की!" त्या ओरडल्या. "सुया मोडून बसतीस, पन बोलायचं न्हाय?"

"हळू," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"मोट्यानं!"

"हळू, आत्याबाई! ... आता थांबा. आता चला."

त्या थांबल्या. त्या चालल्या. एक पान धड उमटलं. मशीन परत गेलं नाही.

मग रोज दुपारी आमची बैठक बसायची. एरवी मी त्यांच्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू देत नसे, आणि मशीनपाशी "जोरात, आत्याबाई, झोपलात का?" असं खुशाल म्हणायची. त्या हसायच्या. एकमेकींच्या तोंडाकडे बघायचं नसलं की बाया पुष्कळ बोलतात. त्यांची नजर चाकावर, माझी सुईवर. एका दुपारी त्यांनी त्यांच्या पहिल्या मुलीचं सांगितलं, पाळण्यातच गेलेली. घरात तिचं नाव कुणी काढत नसे. मी मान वर केली नाही. नुसतं "हळू" म्हणाले, आणि चाक हळू झालं. त्या दिवसापासून मला त्या फार आवडू लागल्या.

पुढे शेजारपाजारच्या बायका अभ्रे, टेबलक्लॉथ भरायला आणून देऊ लागल्या. अशात सासूबाई भाचीच्या लग्नाला माहेरी गेल्या. परत आल्या तर कापडांचा ढीग तसाच.

"हे का पडलंय?"

"तुम्ही नव्हता ना."

त्यांनी वरचा अभ्रा उचलला आणि परत ठेवला. "मी काय जल्मभर पुरनार हाय का तुला?" एवढंच म्हणाल्या, मराठीतच.

रात्री जेवताना त्यांनी मामंजींना सांगून टाकलं, हातमशीन देऊन पायमशीन आणायचं. मामंजींचा घास हातातच राहिला. "सून वर आन आपुन खाली?"

"मग तुमी भिंतीकडं तोंड करून बसा की."

पायमशीन आलं, स्टूल आलं. "बस," सासूबाई म्हणाल्या. मी स्टुलाच्या कडेवर टेकले. मामंजींनी खरोखरच भिंतीकडे तोंड केलं. सासूबाई सवयीनं उजवीकडे खाली बसल्या. माझ्या पावलांचा धक्का लागेल म्हणून जरा सरकल्या.

काम काय भरभर झालं! कुणाला हळू म्हणायला नको, थांबा म्हणायला नको. खोलीत नुसता मशीनचा आवाज. अख्खं फूल भरून झालं. सासूबाईंनी ते जवळ घेऊन निरखलं, "लई झ्याक," म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"चला, आता माजं हितं काय काम."

मला हवं ते सगळं मिळालं होतं आणि मला ते तसं नको होतं.

"बसा," मी म्हणाले.

"कशाला?"

कशाला ते मला सांगता येईना.

"बसा म्हणते ना, आत्याबाई!"

भिंतीकडे तोंड केलेल्या मामंजींचे खांदे दाबलेल्या हसण्यानं हलत होते. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, पदरानं डोळे टिपले आणि होत्या तिथंच पुन्हा बसल्या.