डोये मिटू नोका

आमच्या परतवाड्यात माझ्या वयाच्या नवराबायकोंचे लग्नाचे फोटो पाहिले तर सगळे झोपलेले दिसतात. हे काम देवमन फोटोवाल्याचं. माझ्या फोटोत बाशिंग बांधून मी डोळे मिटलेला, शेजारी वच्छलाही डोळे मिटलेली. पाहणाऱ्याला वाटावं, दोघांना एकदमच पश्चात्ताप झाला. मला त्या फोटोचा राग होता आणि तो मी देवमनला येता-जाता बोलून दाखवायचो.

बरं, माणूस कामात कच्चा नव्हता. उजेड बघायचा, पडदा सारखा करायचा, काळ्या कापडाखाली डोकं घालायचा. पण फोटो घ्यायचा रबरी फुगा दाबायच्या ऐन वेळी जिवाच्या आकांताने ओरडायचा, "डोये मिटू नोका!" ते ऐकलं की समोरच्याचे डोळे मिटलेच म्हणून समजा. आम्ही किती सांगितलं, बाबा, ओरडू नको. तो म्हणायचा, ओरडल्याशिवाय हातच चालत नाही. एकदा मी त्याचं तोंड दाबून धरलं, तर फुगा हातात घेऊन नुसता उभा राहिला.

अठ्ठावन्न साली गिऱ्हाईक अगदीच आटलं. अकोटला त्याच्या सासऱ्याचा कापसाचा जिन होता. सासऱ्याने निरोप धाडला की दिवाळीपर्यंत दुकान चाललं नाही तर इकडे येऊन सरकी उचला. देवमनला कॅमेऱ्याशिवाय काही येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. माझ्या शिलाईच्या दुकानात येऊन बसला तेव्हा रडायच्या बेतात होता. राग असूनही मला वाईट वाटलं.

तेवढ्यात मिशनच्या पाद्रीसाहेबांचं काम आलं. धारणीकडे एका खेड्यातलं चर्च कधीचं बंद पडलं होतं. तिथले गोरे साहेब वारले, त्यांच्या मॅडम विलायतेला गेल्या. आता म्हातारपणी त्यांना मागे राहिलेल्या आपल्या किटली, कंदील, छत्री, खुर्ची अशा वस्तू एकदा फोटोत बघायच्या होत्या. फोटो चांगले आले तर मिशनच्या शाळेचं कामही देवमनलाच मिळणार होतं, म्हणजे दुकान वाचत होतं. देवमन हरखला. किटलीला कुठे डोळे असतात?

कॅमेऱ्याची तिकटी धरायला मी सोबत गेलो. चर्चच्या बाकांवर शेळ्या बसल्या होत्या आणि पाद्रीच्या जागी एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. सामानाच्या खोलीची किल्ली पार्बताबाईकडे होती. ती मॅडमची जुनी स्वयंपाकीण. देवमनने किटली मांडली, तिची तोटी उजेडाकडे वळवली, जरा मागे सरून पाहिलं आणि सवयीने ओरडला, "डोये मिटू नोका!" शेळ्या बाहेर पळाल्या. किटली जागची हलली नाही. पुढे कंदिलाला आणि छत्रीलाही त्याने तेच बजावलं. हसून हसून माझं पोट दुखायला लागलं.

शेवटी वेताची खुर्ची राहिली. देवमन कापडाखाली गेला आणि पार्बताबाई खुर्चीत जाऊन बसली. त्याने तिला बाजूला व्हायला सांगितलं.

"बाजरी?" ती म्हणाली. "बाजरी इकडे नाई पिकत बाबू. ज्वारी नेतं का?"

मी खुणा करून उठवायला गेलो तर ऐकेना. खुर्ची रिकामी ठेवून फोटो काढणं म्हणजे माणूस मेल्यासारखं, आणि मॅडम तर जिती आहे, असं तिचं म्हणणं. प्लेट एकच उरली होती. देवमनला घाम फुटला. खुर्चीला आता डोळे आले होते. त्याने फुगा धरला आणि ओरडला.

प्लेट धुतली तर पार्बताबाईचे दोन्ही डोळे टक्क उघडे. देवमनच्या हातून निघालेला जागा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. पाद्रीसाहेबांनी सगळ्यांत आधी तोच फोटो मॅडमना धाडला आणि शाळेचं काम देवमनला दिलं. देवमन सांगत सुटला की चर्चची जागाच पावली.

"जागा कायची पावते," मी म्हटलं. "बुढी बहिरी आहे. तुयी बोंब तिले ऐकूच आली नाई."

देवमन ताडकन उठला. थेट अकोटच्या गाडीत जाऊन बसला. आम्हाला वाटलं, गेला सरकी उचलायला. दुसऱ्या दिवशी परत आला तो सासऱ्याच्या जिनातलं कापसाचं बोचकं डोक्यावर घेऊन.

दुकानात पहिले बसलो मी आणि वच्छला. फोटोत आमचे चारही डोळे उघडे आहेत आणि चारही कानांतून कापूस बाहेर आला आहे. पुढे साऱ्या परतवाड्याचे फोटो तसेच निघाले, आणि देवमनचं दुकान धडाक्यात चाललं.

वच्छलाने तो फोटो बराच वेळ पाहिला.

"मी बोलते ते तुमाले कावून ऐकू येत नाई," ती म्हणाली, "ते आता समजलं."