मिठाचा हात

मधलीकाकीला वयाच्या पस्तिशीपर्यंत भाजीत मीठ घालता येत नव्हतं. हसू नका. सतरा माणसांच्या त्या घरात मिठाचा हात एकच, सासूचा. दोघींनी मीठ टाकलं की भाजी खारट व्हायची, म्हणून नियमच होता तसा. काकी मधली सून, तिच्याकडे भाकरी. बावीस वर्षं तिनं फक्त भाकरी थापल्या.

सासू गेली, तिघे भाऊ वेगळे निघाले. दुसऱ्याच दिवशी काकी पळीत वरण घेऊन शेजारी आमच्या दारात हजर. मी दहा वर्षांची.

"मीठ पाह्य व पोरी. मले काही समजूनच नाही राह्यलं."

कुंपणापलीकडून धाकटी जाऊ म्हणाली, "आता शाळेत घाला यायले!"

"घाल ना. तू मास्तरीण हो."

काका, काकी आणि लेक अशा तिघांच्या वरणात मीठ जमलं तोवर काका वारले. पुन्हा पळी आमच्या दारात. "तिघायचं येत होतं वो, आता दोघींचं कसं?" मळा पडीक ठेवायचा नव्हता, म्हणून ती मोट हाकायला शिकली. बाईच्या हातची मोट पाहायला लोक बांधावर थांबत. "पाह्यता काय? या, वाफ्यायले पानी द्या," ती ओरडली की बांध रिकामा. शेलूच्या बाजारात वांगी विकताना तराजूही शिकली. मग लेक लग्न होऊन केनवडला गेली आणि काकी एकटी उरली.

तेव्हा मोठे दीर अंगणात येऊन म्हणाले, "एकटीनं कायले राह्याव? आमच्या चुलीवर यावं. दोन भाकरी थापाव्या, दोन खाव्या." बोलणं मायेचं होतं. काकी दाराआडून म्हणाली, "नाही येत, दादाजी. मले आता भाकरीच्या वरचंबी येते."

ते गेल्यावर मला म्हणाली, "मन त लय होते व पोरी. तेथं बोलाले मानसं हायेत. पन गेली त शिकलेलं सारं जाईन."

त्यानंतर पळी रोज यायला लागली. मीठ अगदी बेताचं असे. तरी मी म्हणे, "कमी हाय, काकी." मग ती आणखी थोडा वेळ टेके.

पुढे मी अमरावतीला शिकले. आमच्या घराण्यात, बाया-पुरुष सगळे धरून, पहिली बी.ए. मीच, हे सांगायला मला लाज नाही. पेढा द्यायला गेले, तर काकीनं विचारलं, "म्हंजे तुह्यं शिकनं संपलं?"

"संपलं, काकी."

"बरं हाय बाप्पा तुमचं." पेढा तिच्या हातातच राहिला. मग हळूच म्हणाली, "मले एक सांग. दिवसभर कोनी बोलाले नसलं, त मानसानं काय कराव? हे कोन्या वर्गात शिकवतेत वो?"

मी तिच्याजवळ आणखी थोडा वेळ टेकले. पुढच्याच वर्षी ती वारली.

मी पस्तीस वर्षं मुली शिकवल्या. आता एकटी राहते. काकीनं विचारलेलं मलाही अजून येत नाही.