मोहिनीची हाक

पुसेगावच्या शिवारात, माळाच्या कडेला धनगरांची वस्ती हाय. तिथं प्रत्येक घराची मेंढरं वेगळी अन् प्रत्येक घराची हाकही वेगळी. ती मारणारं माणूस घरात एकच असतं. दिवाळीच्या पाडव्याला समदे कळप गेरूनं रंगवून मारुतीच्या पारापुढं आणतात. हाक मारणारा काठी खाली ठेवतो, एकदा हाक देतो, अन् मागं न बघता रिकाम्या हातानं पाराला फेरी घालतो. त्याच्यामागं कळप चालला तर हाक खरी. न्हाई चालला तर ज्यानं काठी ठेवली त्यानंच ती गुमान उचलायची अन् वर्षभर लोकांचं ऐकून घ्यायचं.

ज्ञानबाच्या घरची हाक त्याच्या मायची, मिराबाईची. म्हातारीनं माळावरून आवाज दिला की गोरेगावच्या सडकेवरचा जीपवाला गाडी हळू करायचा, आपल्यालाच बोलवून राहिलं कोणी म्हणून. ती गेल्यावर हाक ज्ञानबाकडं यायला पाहिजे होती, पण त्याचा गळा तंबाखूनं खाल्लेला. ती आली त्याच्या लेकीकडं, मोहिनीकडं. कशी, तर पोरगी फराकात होती तेव्हा मेंढरं तिचं ऐकंनात. मग ती बांधावर उभी राहून दुपारपासून दिवस कलंडेपर्यंत हाका मारत राहिली. तिची माय नर्मदाबाई भाकर घेऊन गेली तर पोरगी म्हणाली, "माय, आधी ते येतील, मग मी खाईन." मेंढरं आली. पोरीनं भाकर खाल्ली. आवाज बसला तो आठवडाभर उठला न्हाई, पण हाक तिची झाली ती झाली.

अशी ही हट्टाची पोरगी. धरलं ते सोडायचं न्हाई. त्याच हट्टावर वस्तीतली पहिली एम.ए.ला गेली, हिंगोलीच्या कॉलेजात, मानसशास्त्र घेऊन. सकाळच्या जीपनं जायचं, दुपारी येऊन मेंढरांमागं. अन् त्याच हट्टानं मोबाईल धरला. गेम लावला की पुढचा टप्पा पार केल्याशिवाय मान वर न्हाई. गेम संपला की रील. नाचणाऱ्या पोरी, रांधणाऱ्या बाया, पंजाबातली मेंढरं. घरची मेंढरं समोर असून परमुलखातली बघायची.

आता अडचण अशी, की हाक मारायला मान वर करावी लागते. पण पोरगी शिकलेली. तिनं काय केलं, स्वतःची हाक मोबाईलमध्ये भरून घेतली, हिंगोलीच्या बाजारातून एक लहानसा स्पीकर आणला अन् बाभळीला टांगला. थोड्या थोड्या वेळानं बाभूळ हाक मारायची अन् खाली मोहिनी गेम खेळायची. पहिले काही दिवस मेंढरं पळत आली. आली अन् उभी राहिली. ना कोणी मूठभर शेंगा दिल्या, ना कोणी कपाळ खाजवलं. मग ती अर्ध्या वाटेवरून परतू लागली. पुढं तर नुसता कान हलवायची अन् चरत राहायची. मोहिनीला ते दिसलं न्हाई. दिसायला मान वर पाहिजे ना.

गेल्या पाडव्याला दिसलं. तेही समद्या वस्तीदेखत.

मोहिनीनं काठी खाली ठेवली अन् हाक दिली. आवाज चांगला होता, मिराबाईच्या तोडीचा. ती निघाली. पाराची एक बाजू गेली, दुसरी गेली, मागं खुरांचा आवाज काही येईना. तिनं वळून बघितलं तर कळप होता तिथंच, गेरूनं लालभडक, रवंथ करून राहिलेला.

तिचा चुलतभाऊ शिवहार पारावर बसून होता. म्हणाला, "ताई, स्पीकर आणू का?"

लोक हसले. ज्ञानबा हसला न्हाई, चिडलाही न्हाई. संध्याकाळी भाकर खाताना एवढंच म्हणाला, "अजून एक पाडवा बघू. न्हाई जमलं तर हाक शिवहारला देऊ. मेंढराला ज्याची खात्री न्हाई त्याच्याजवळ हाक ठेवून काय करता?"

मोहिनीनं हातातली भाकर खाली ठेवली. हाक जाणं म्हणजे घरातून आपली जागा जाणं.

दिवाळीनंतर कॉलेज उघडलं. तिथल्या प्रियदर्शनी मॅडम पोरापोरींचे स्वभाव अन् मोबाईलची सवय यांचा अभ्यास करत होत्या. कोण लाजाळू, कोण बोलका, कोण घाबरट, अन् कोणाच्या हातातून मोबाईल सुटत न्हाई. मोहिनी त्यांना म्हणाली, "मॅडम, एकलकोंड्या पोरांचं समजू शकते. पण मी तर जीपमधल्या अनोळखी बाईशीसुद्धा बोलते. माझं काहून असं व्हावं?"

मॅडम म्हणाल्या, "लाजाळू माणूस गर्दीतून पळायला मोबाईल धरतो. बडबड्याला गर्दी पुरत नाही म्हणून तो धरतो. तू कशासाठी धरतेस, ते तुलाच शोधावं लागेल."

परतीच्या जीपमध्ये मोहिनीनं ते शोधलं. तिला गेम आवडत होता असं न्हाई. अर्ध्या रील तर तिला येडपट वाटायच्या. तिला सोडणं जमत नव्हतं, बस. लहानपणी बांधावर उभी होती तोच हट्ट, फक्त आता त्याचा खुंटा चुकला होता. अन् हट्टी माणसाला 'सोड' म्हणून उपयोग न्हाई. त्याला दुसरं काहीतरी धरायला द्यावं लागतं.

दुसऱ्या दिवशी तिनं स्पीकर बाभळीवरून काढला. मोबाईल एका जाड पिशवीत घालून शिवला अन् पिशवी बांधली चवळीच्या गळ्यात. चवळी म्हणजे त्यांच्या घरची शेळी, समद्या वस्तीत कोणाच्या हाताला न लागणारी. मोबाईल पाहिजे तर चवळी धरावी लागणार.

नर्मदाबाई म्हणाली, "अगं, तुझं डोकं ठिकाणावर हाय का? शेळीला फोन आला तर?"

"तिनं उचलावा, माय."

पहिले दिवस मोहिनी चवळीमागं धावली, खोटं कशाला सांगा. काट्यांत पडली, गुडघे फुटले, तरी धावली. एकदा मॅडमचाच फोन आला. गळ्यात थरथर सुरू झाली तशी चवळी उधळली, ती शेजारच्या तुरीतून पार रस्त्यापल्याड. तुरीवाल्यानं मोहिनीच्या सात पिढ्या काढल्या. हळूहळू धावणं कमी झालं. दमली म्हणा, कंटाळली म्हणा, पण हात रिकामा राहू लागला अन् मान वर आली.

मग तिनं हाकेचं काम धरलं. ओच्यात बाभळीच्या शेंगा घ्यायच्या, तेव्हाच हाक द्यायची. हाक दिली की जागचं हलायचं न्हाई. आलेल्या प्रत्येक मेंढराला शेंग अन् कपाळावर हात. सुरुवातीला एकटी कानतुटी यायची, मिराबाईच्या हातची थोराड मेंढी. बाकीची लांबून बघायची. उन्हाळ्यात कानतुटीमागं तिची पिलं आली. पावसाळ्यात अर्धा कळप. शिवहार बांधावरून म्हणायचा, "ताई, त्यापेक्षा स्पीकर सोपा होता." मोहिनी आपली शेंगा वाटून राहिलेली असायची.

यंदाचा पाडवा आला. पारापुढं मोठी गर्दी, अन् ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल वर. शिवहारनंही धरला होता. त्याच्या खांद्यावर नवा फेटा होता, हाक आलीच तर बांधायला.

मोहिनीनं काठी खाली ठेवली. ओच्यात आज शेंगा नव्हत्या, पाडव्याला ते चालत न्हाई. तिनं हाक दिली अन् निघाली. ज्ञानबा लिंबाखाली उकिडवा बसला होता, जमिनीकडं बघत. मागं काही आवाज न्हाई. पाराची एक बाजू गेली. मग एका मेंढराची खुरं वाजली. कानतुटी असणार. एकच. मोहिनीनं वळून बघितलं न्हाई. दुसरी बाजू अर्धी झाली अन् मागं वळवाच्या गारा पत्र्यावर पडाव्या तसा आवाज उठला. समदा कळप. फेरी पुरी करून पुढं आली तेव्हा लाल पाठींची रांग पाराला विळखा घालून होती अन् शेवटाला चवळी, गळ्यात पिशवी हलवत.

ज्ञानबानं मान वर केली. नर्मदाबाईला म्हणाला, "बराबर हाय." त्याच्या तोंडून एवढं म्हणजे लई झालं. मग तो उठला, भरल्या गर्दीतून ताठ चालत गेला, पोरीची काठी धोतराला पुसली अन् तिच्या हातात दिली. वस्तीत बापानं लेकीची काठी उचलून दिलेली कोणी बघितली नव्हती.

शिवहार धावत आला. "ताई, माझं नीट निघालं न्हाई, मधी माणसं आली. परत एक हाक मार ना, तेवढा व्हिडिओ काढतो."

"न्हाई."

"अगं, एक हाक तर मारायची. काय लागतं?"

मोहिनी कानतुटीचं कपाळ खाजवत होती. म्हणाली, "मी मारीन रे. पण हे येतील, अन् आल्यावर त्यायला सांगायचं काय? शिवहारच्या मोबाईलसाठी बोलावलं म्हणून?"

शिवहारनं मोबाईल खिशात घातला. तिनं काठी खांद्यावर टाकली अन् माळाची वाट धरली. हाक मारली न्हाई. तरी कळप निघाला.