भरतीचं पाणी आणि वाघदेवाचा कागद

कागदाच्या गिरणीत कागदापेक्षा किस्सेच जास्त तयार होतात. कागद गाडीत भरून गावोगाव जातो. किस्से कोण नेणार? ते आमच्याकडेच साठले. गिरणी खाडीकाठी, बांबू जव्हारच्या जंगलातला आणि आम्ही कामगारही तिथलेच. बांबूबरोबर आम्हालाही तोडून आणलं, असं मी म्हणायचो. तेव्हा जव्हारला राजांचं राज्य होतं.

* * *

बांबू चुन्यात शिजवून, धुवून, कुटला की पांढराशुभ्र लगदा व्हायचा. साखरशेतचा सोमा नवा आला तेव्हा मी त्याला सांगितलं, ही गिरणीची आंबील, लागेल तेवढी पी. गडी वाडगं घेऊन हजर! एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि थेट शेठकडे गेला.

"शेठ, आंबिलीत मीठ लय पडलंय."

आम्ही हसून लोळलो. शेठ हसले नाहीत. त्यांनी स्वतः बोट बुडवून चाटलं.

कारण जव्हारच्या कचेरीनं आमचा कागद नुकताच परत पाठवला होता. शाई पसरते म्हणे. आता कारण कळलं! भरतीला समुद्राचं पाणी हौदात शिरायचं आणि खारट कागद हवेतली ओल ओढायचा. कचेरीनं पुन्हा नाकारला असता, तर बॉयलर थंड आणि आम्ही परत डोंगरात.

त्या दिवसापासून हौद भरण्याआधी पाणी चाखायचं, हेच सोमाचं काम.

* * *

काम त्याच्या डोक्यात गेलं. मोखाड्याकडे सासरी जेवायला बसला, आमटीचा भुरका मारला आणि सासूला म्हणाला, "ही भरतीची आहे. ओहोटीची असली तर वाढा."

* * *

आमचा मुकादम लहानूदादा. हौदातून चाळणीवर त्याच्यासारखा कागद कुणी उचलावा! पण कागद तपासायची त्याची रीत वेगळीच. ताव वाळला की त्याचा द्रोण करायचा, त्यातून पाणी प्यायचं. पिऊन होईपर्यंत टिकला तर पास. शेठ वैतागले, कागद लिहायला असतो म्हणाले.

दादा म्हणाला, "लिहिता थोड्यांना येतं शेठ, तहान सगळ्यांनाच लागते."

* * *

शेवटी गोड्या पाण्याचा कागद निघाला. सगळ्यात देखणा पहिला ताव शेठनी गठ्ठ्यावर ठेवला आणि आम्ही बैलगाडीनं जव्हारला निघालो. घाटात शेठना डुलकी लागली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गठ्ठा सोडला, तर पहिला ताव गायब! शेठचा चेहरा लगद्यासारखा झाला. संस्थानचे कारभारी वाट बघत बसलेले.

लहानूदादा पुढे झाला. "तो घाटमाथ्यावर वाघदेवापाशी ठेवलाय, साहेब. देवाला दाखवल्याबिगर आपण नवा भात तोंडात घालत नाही. मग नव्या कागदाला लेखणी कशी लावायची?"

कारभारी उठले. त्यांनी टांगा जोडायला सांगितला. आम्ही मागून गाडीत. शेठ वाटभर दादाकडे बघेनात.

वाघदेवाच्या दगडापाशी ताव तसाच होता, वर धोंडा ठेवलेला. रात्रभर दव खाऊन पार ओला. मधोमध दादानं लावलेलं ओल्या कुंकवाचं बोट.

कारभाऱ्यांनी जोडे काढले. खाली वाकून बराच वेळ बघत राहिले. कुंकू जिथल्या तिथं होतं, सूतभरही पसरलं नव्हतं.

त्यांनी देवाला हात जोडले आणि शेठकडे वळले.

"पहिला मंजूर झालेला दिसतोय. आम्हाला दुसऱ्यापासून द्या."