जिमखान्यामागचे दोन ड्रम

अर्धा वडापाव फेकता तुम्ही, उरलेली मिसळ ओतता तुम्ही, आणि नाकाला रुमाल लावून "शी! हा वास कसला?" असं विचारताही तुम्हीच! नाव कुणाचंच घेत नाही; घ्यायचं तर अख्खं जोगेश्वरी घ्यावं लागेल. कॉलेजमध्ये कंपोस्ट करायला गेलं की खताआधी किस्से साचतात, एवढंच सांगते.

मी आणि माझी मैत्रीण प्राची, आम्ही जिमखान्यामागे दोन ड्रम मांडले, कॅन्टीनचं खरकटं भरलं, गांडुळं सोडली. प्रिन्सिपल सर म्हणाले, "मार्चमध्ये कॉलेज तपासायला कमिटी येणार. तिला खत दाखवा. नाहीतर ड्रम उचलून तिथे बाइक पार्किंग!"

*

उद्घाटनाला पोहे होते. प्लास्टिकच्या प्लेटमध्ये! पर्यावरणावर भाषण ठोकून झाल्यावर एका सरांनी प्लेट थेट आमच्या ड्रममध्ये टाकली, चमच्यासकट.

"सर, प्लेट कुजत नाही."

"अगं, पोहे चिकटलेत ना तिला!"

*

एक पालक तर थेट ऑफिसात. "व्हेज आणि नॉनव्हेज एकाच ड्रममध्ये? उद्या हेच खत तुळशीला घालाल!"

लगेच एका ड्रमवर हिरवा ठिपका, दुसऱ्यावर लाल. कॅन्टीनमध्ये ज्याला विचारावं तो म्हणे, "मी प्युअर व्हेज!"

लाल ड्रम काठोकाठ भरला, तेव्हा हिरव्याचा तळही झाकला नव्हता!

*

प्राची वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. आई मासळी विकते. प्राची ड्रम ढवळत असताना वर्गातला एक जण म्हणाला, "तुला यार, वासाची सवयच असेल ना!"

"आहे ना. म्हणून तर वर्गात तुझ्या शेजारी बसू शकते."

सगळे खो खो हसले. उत्तर झकासच होतं. पण त्या दिवसापासून प्राचीने डब्यात मासे आणणं बंद केलं.

*

कमिटी यायच्या आधी खत तयार झालं. काळंभोर, भुसभुशीत. मूठभर उचललं की बोटांत गांडुळं वळवळायची. "वाचले गं आपले ड्रम!" प्राची ओरडली.

कमिटीच्या दिवशी सकाळी पोचलो, तर दोन्ही ड्रम चकाचक! आत फिनेलचा वास, बाहेर झेंडूच्या माळा, समोर रांगोळी. खत, गांडुळं, सगळं आदल्या संध्याकाळीच कचऱ्याच्या गाडीत गेलेलं.

"सर, आमचं खत?"

"अगं, पाहुण्यांना काय किडे दाखवायचे?" प्रिन्सिपल सर म्हणाले.

तेवढ्यात कमिटी आलीच. त्यातल्या एक मॅडम वाकून दोन्ही रिकाम्या ड्रममध्ये डोकावल्या. मग सरांकडे वळून कौतुकाने म्हणाल्या, "किती स्वच्छ ठेवलंय हो! आमच्या कॉलेजच्या ड्रममध्ये तर नुसती गांडुळं झालीयेत."