कडब्यावाले सोपानतात्या

सोपानतात्या आले की आधी कडब्याच्या गंजीत खांद्यापर्यंत हात खुपसायचे, तो हात हुंगायचे आणि मगच रामराम घालायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी आत हरवलंय. मी मदतीला दुसऱ्या बाजूनं हात घातला. "चिटणीससायब," तात्या म्हणाले, "वलीचा वास येतोय का सांगा. न्हायतर हात काढा, कुसळं टोचत्याल."

पन्नासच्या दशकातलं आमचं दुष्काळ निवारण मंडळ म्हणजे मी चिटणीस धरून पाच खादीवाले, एक सायकल आणि तात्या. पिकलेल्या साली कोऱ्हाळे, सणसर अशा कालव्याकाठच्या गावांत दारोदार कडबा मागायचा आणि पाऊस दडी मारील त्या सालासाठी डाळजच्या माळावर गंजी लावून ठेवायची, एवढंच काम. तात्यांनी उमर मेंढरांमागं घालवली होती. "जनावर उठंना झाल्यावर मंडळ येऊन काय करंल? फोटू काढंल," म्हणायचे.

एका वर्षी ऐन रचायच्या वेळी अवकाळी सर आली. "पेंढ्या उभ्या करा, चार दिस उन्हं खाऊ द्या," असं बजावून तात्या सणसरला गेले. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष पाहणीला येणार होते. त्यांना काय ओल्या पेंढ्यांची पलटण दाखवायची? मी माणसं लावून देखणी गंजी रचून घेतली आणि शाबासकीही घेतली. पाचव्या दिवशी तात्या परतले, पाय सुजलेले. "वाळवूनच रचलंय ना?" मी हो म्हणालो. "तुमी सांगताय म्हंजी झालं." त्या दिवशी त्यांनी हात घातला नाही.

पुढच्या साली पाऊस आलाच नाही. गंजी फोडली तर हातभर कडबा बरा, आत सगळा काळा, बुरसलेला. डाळजचे अंकुशराव बैल धरून उभे होते. "तात्या, तुमच्या भरवशावर ठिवली ही जोडी. न्हायतर मागंच बाजार दाखवला असता."

मी तोंड उघडणार, तोच तात्या म्हणाले, "चूक माजी हाय. वलीच रचली म्या."

लोक पांगल्यावर मी त्यांना गाठलं. "तात्या, असं का केलंत? मी सांगतो सगळ्यांना."

"गप बसा. चिटणीस खोटं बोलला म्हणल्यावर मंडळाला पुन्यांदा पेंढी कोण देईल? म्हातारा चुकला, तर कुनाचं काय जातंय?"

मग ते कोऱ्हाळ्याला चालत गेले. महिनाभर उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, मागून मागून गाड्यांनी आणत राहिले. बैल बहुतेक जगले. पण त्यानंतर तात्यांना कुणी गंजी रचू दिली नाही. बाजूला बसून ते नुसत्या पेंढ्या सरकवून द्यायचे. कुणी काही टोमणा मारला, तर "व्हय बाबा" म्हणायचे.

दोन वर्षांनी ते गेले. मातीला डाळजची माणसं आली होती. अंकुशराव माझ्याशेजारी उभे राहून हळूच म्हणाले, "मानूस लाखाचा, पर गंजीतलं त्याला कळत नव्हतं. काय, चिटणीससायब?"

मी मान डोलावली.